काष्ठतेलांतील प्राणवायूची पाठवणी

आयुर्वेदीय वैद्यकांत नारळाच्या करवंटीचें तेल त्वचारोगांवर लावावयास सांगितलेलें आहे. हें तेल घाण्यावर निघत नाहीं. कारण खोबऱ्यांत असतें तसें तेल करवंटींत मुळीं नसतेंच. तें काढण्यासाठीं करवंटीचे तुकडे बुडाशीं भोंक असलेल्या मडक्यांत भरून त्याचें तोंड लिंपून टाकतात, खालीं दुसरें भांडें जमिनींत पुरतात आणि वरच्या मडक्याभोंवतीं गोवऱ्यांचा विस्तव करतात. कांहीं वेळानें काळपट, उग्र वासाचा द्रव खालच्या भांड्यांत ठिबकूं लागतो. रसशास्त्रांत या योजनेला पाताळयंत्र असें नांव आहे. करवंटींत जें नव्हतें तें केवळ उष्णतेनें तिच्यापासून उत्पन्न झालें, ही या यंत्राची ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट होय.

लांकडाचा भुसा, पेंढा, तूस, पऱ्हाटी अशा वस्तूंपासून इंधन-तेल करण्याचे जे कारखाने गेल्या कांहीं दशकांत अमेरिका, कॅनडा व उत्तर युरोप येथें निघाले, त्यांच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. हवेचा संबंध तोडून निव्वळ उष्णतेनें पदार्थाचे घटक विलग करण्याच्या या क्रियेस उष्माविच्छेदन म्हणतात. कोळसा पाडणारा लोणारीहि हीच क्रिया करतो. मात्र तो आपली भट्टी दिवसेंदिवस धुमसत ठेवतो, कोळसा पदरांत पाडून घेतो आणि धूर आकाशांत सोडून देतो. ज्याला तेल पाहिजे त्याला उलट घाई करावी लागते. बारीक केलेला भुसा सुमारें ५०० अंश सेंटिग्रेड उष्णतामानाच्या वाळूंत एकाएकीं टाकावयाचा, आणि निघणारी वाफ एकदोन सेकंदांच्या आंत थंड करावयाची, अशी ही रीत आहे. अशा रीतीनें वाळलेल्या लांकडाच्या वजनाच्या शेंकडा ६० ते ७५ इतका द्रव मिळतो. बाकीच्याचा कोळसा व वायु होतो. हा वायु व कोळसा भट्टीच्या उष्णतेसाठींच खर्चीं पडतो. या द्रवाला येथें काष्ठतेल म्हणूं.

शंभर भाग भुशांतून साठ-सत्तर भाग तेल मिळतें असें ऐकून कोणालाहि वाटेल कीं, आतां खनिज तेलाची चिंता मिटली. पण हें तेल नांवाचेंच तेल आहे. त्यांत शेंकडा १५ ते ३० पाणी असतें. तें शिर्क्यासारखें आंबट असतें, कारण शिर्क्यांतील आम्लच त्यांत असतें. त्यामुळें साध्या लोखंडी टांकींत तें ठेवलें तर टांकी खाल्ली जाते. तें पाण्याहून जड असतें आणि पेट्रोल किंवा डिझेल यांच्याशीं मिसळत नाहीं. साठवून ठेवल्यास तें दिवसेंदिवस दाट होत जातें. ऊर्ध्वपातनानें शुद्ध करूं गेल्यास निम्म्याच्या आसपास भाग भांड्याच्या तळाशीं डांबरासारखा थिजून बसतो. त्यांतून मिळणारी उष्णता तितक्याच वजनाच्या खनिज इंधन-तेलाच्या निम्म्याहूनहि कमी असते. कारखान्याच्या भट्टींत तें जाळतां येतें, पण मोटारीच्या इंजिनांत घालण्याजोगें तें नव्हे.

या सर्व दुर्गुणांचें मूळ एकच आहे, आणि तें म्हणजे प्राणवायु. खनिज तेलांत कार्बन व हायड्रोजन यांखेरीज तिसरें मूलद्रव्य फारसें नसतें. काष्ठतेलाच्या वजनांत मात्र सुमारें शेंकडा ३५ ते ४० भाग एकट्या प्राणवायूचा असतो. त्याच्यामुळें तेल आंबट होतें, पाण्याला धरून राहतें, रेणु एकमेकांस चिकटून दाट होतात; आणि जो भाग आधींच प्राणवायूशीं जोडला गेला आहे तो जळून जास्त उष्णता ती काय देणार? तेव्हां काष्ठतेल सुधारणें म्हणजे त्यांतील प्राणवायूला घराबाहेर काढणें होय.

परंतु प्राणवायु एकटा जात नाहीं. लग्न होऊन सासरीं निघालेल्या मुलीबरोबर जशी पाठराखीण द्यावी लागते, तशी प्राणवायूबरोबरहि कोणाची तरी पाठवणी करावी लागते. तो दोन हायड्रोजन बरोबर घेऊन पाणी होऊन जाईल. किंवा एक कार्बन घेऊन कार्बन मोनॉक्साइड होऊन जाईल. किंवा दोन प्राणवायु मिळून एक कार्बन नेतील व कार्बन डायऑक्साइड होऊन जातील. या तीन वाटांवांचून चौथी वाट नाहीं. कोणत्या वाटेनें किती प्राणवायु गेला, यावर मागें काय उरणार हें सर्वस्वीं अवलंबून असतें.

हा जमाखर्च अंकगणितानें मांडतां येतो. लांकडाचा मुख्य घटक जो सेल्युलोज, तो ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब माळ होय. माळ गुंफली जातांना दर मण्यामागें पाण्याचा एक रेणु गळतो, पण त्यानें पुढील हिशेबांतील शिल्लक बदलत नाहीं. ग्लुकोजच्या एका रेणूंत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व प्राणवायूचे ६ अणु असतात. सोयीसाठीं ११ रेणु घेतले, म्हणजे भांडवल झालें कार्बन ६६, हायड्रोजन १३२ व प्राणवायु ६६.

सगळा प्राणवायु पाणी होऊन गेला असें समजा. ६६ प्राणवायु १३२ हायड्रोजन घेऊन जातील आणि मागें नुसता ६६ कार्बन, म्हणजे कोळसा, उरेल. हें लोणाऱ्याचें टोंक झालें. सगळा प्राणवायु कार्बन मोनॉक्साइड होऊन गेला तर एकहि कार्बन उरत नाहीं. हातीं येतो केवळ वायु. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलच्या टंचाईच्या वेळीं कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या ज्या मोटारी रस्त्यांतून दिसत, त्यांचा वायु याच जातीचा होता. आणि सगळा प्राणवायु कार्बन डायऑक्साइड होऊन गेला तर मागें ३३ कार्बन व १३२ हायड्रोजन, म्हणजे मिथेनचे बरोबर ३३ रेणु उरतात. गोबर-गॅसच्या टांकींत सूक्ष्म जंतु जें करतात तें हेंच. कोळसा, जळाऊ वायु व गोबर-गॅस हीं तीन टोंकें झालीं; द्रवरूप इंधन या तिहींच्या मधें कोठें तरी आहे.

हा मध्य कोठें सांपडतो, याचें उदाहरण म्हणून टोल्युईन घ्यावें. पेट्रोलमध्यें असणाऱ्या या द्रव्याच्या रेणूंत ७ कार्बन व ८ हायड्रोजन असतात. ६६ पैकीं ४२ प्राणवायु पाणी होऊन गेले व २४ कार्बन मोनॉक्साइड होऊन गेले, तर मागें ४२ कार्बन व ४८ हायड्रोजन, म्हणजे टोल्युईनचे बरोबर ६ रेणु उरतात. येथें कार्बनपैकीं सुमारें शेंकडा ६४ तेलांत राहिला. वजनानें पाहिल्यास १०० किलो ग्लुकोजमागें अवघें २८ किलो टोल्युईन होतें. बाहेरून हायड्रोजन न आणतां व पदार्थाचा एक कणहि फुकट न घालवितां या वाटेनें मिळूं शकणारें हें जास्तींत जास्त उत्पन्न होय. कोणी याहून बरेंच अधिक मिळाल्याचें सांगूं लागला, तर त्यानें बाहेरून कांहीं घातलें असलें पाहिजे, अथवा त्याच्या तेलांत प्राणवायु शिल्लक असला पाहिजे.

बाहेरून हायड्रोजन घालण्याची रीतहि आहे. तेलशुद्धीच्या कारखान्यांत गंधक काढण्यासाठीं जशी योजना असते, तशीच योजना करून शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाखालीं काष्ठतेलांत हायड्रोजन घालतात. पण त्यासाठीं जाडजूड पात्रें लागतात, आणि हायड्रोजन स्वतः विकत घ्यावा लागतो. तो बहुधा नैसर्गिक वायूपासूनच केलेला असतो. शेताच्या बांधाजवळ उभारावयाच्या लहान कारखान्याला हा थाट परवडत नाहीं. म्हणून दुसऱ्या वाटेचा शोध सुरू झाला. साध्या दाबाखालीं, हायड्रोजनवांचून, निघालेली वाफ थंड होण्यापूर्वींच एका सच्छिद्र पाषाणांतून नेऊन प्राणवायूला वाटेला लावावयाचें, अशी ती वाट आहे. हा पाषाण म्हणजे झिओलाइट.

झिओलाइट हें नांव १७५६ मध्यें स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ अॅक्सेल क्रॉनस्टेट यानें दिलें. एक दगड तापवितांच त्यांतून वाफ निघून तो फसफसूं लागलेला पाहून त्यानें ग्रीक शब्दांवरून त्याला 'उकळता दगड' म्हटलें. महाराष्ट्राला हे दगड परके नाहींत. दख्खनच्या काळ्या पाषाणांतील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट या जातींचे पांढरे, गुलाबी स्फटिक सांपडतात; पुणें, नाशिक, जळगांव या भागांतील असे नमुने जगांतील पदार्थसंग्रहालयांत मांडलेले आहेत. या दगडाची घडण सिलिकॉन, ॲल्युमिनियम व प्राणवायु यांच्या अणूंची असून तिच्यांत रेणूच्या मापाच्या सारख्या गल्ल्या असतात. तापवितांना निघते ती या गल्ल्यांतून भरलेल्या पाण्याची वाफ.

कारखान्यांत मात्र खाणींतील दगड न वापरतां मुद्दाम घडविलेला वापरतात. त्यांतील जो या कामीं सर्वांत उपयोगी पडला, तो मोबिल या अमेरिकन तेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉबर्ट आर्गावर व जॉर्ज लँडोल्ट यांनीं तयार केला. त्याचें पेटंट १९७२ चें आहे. त्याला झेडएसएम-५ म्हणतात. त्याच्या गल्ल्यांची रुंदी मिलिमीटरच्या सुमारें अठरा लाखाव्या भागाइतकी असते. बेंझीन, टोल्युईन, झायलीन हे रेणु त्यांतून जेमतेम ये-जा करूं शकतात. त्यांहून अवजड रेणूंना दार लहान पडतें. चाळणींतून रवा पडावा आणि कोंडा वर राहावा, तसा हा प्रकार आहे. याच कंपनीच्या पॉल वाइझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७९ मध्यें एरंडेल, मक्याचें तेल व रबराचा चीक यांपासून या पाषाणाच्या साहाय्यानें पेट्रोलसारखें इंधन तयार करून दाखविलें. वनस्पतिज द्रव्यांकडे हा पाषाण वळविण्याचा हा आरंभींचा प्रयत्न होय.

पाषाणाची करामत केवळ चाळण्याची नव्हे. त्याच्या घडणींत जेथें जेथें सिलिकॉनऐवजीं ॲल्युमिनियम बसलेलें असतें, तेथें एक ऋण विद्युद्भार उरतो, आणि तो फेडण्यासाठीं हायड्रोजनचा एक धन अणु जवळ येऊन बसतो. ही आम्लाची जागा होय. काष्ठतेलाची वाफ तेथें आली कीं, तिचे रेणु तुटतात, त्यांतील प्राणवायु बहुतांशीं पाणी होऊन निघून जातो, आणि उरलेले तुकडे एकमेकांस जोडले जाऊन बेंझीन-टोल्युईनसारखीं कडीं तयार होतात.

येथेंच अडचण उपस्थित होते. आम्लाची जागा प्राणवायूला पाण्याच्या वाटेनें घालविण्यांत तरबेज असते, आणि लांकडाजवळ हायड्रोजनची शिल्लक तर मुळींच नाहीं. पाण्यापायीं हायड्रोजन उधळला गेला, म्हणजे मागें राहिलेला कार्बन हायड्रोजनवांचून उघडा पडतो आणि गल्ल्यांच्या तोंडाशीं काजळी होऊन बसतो. चुलीच्या धुराड्यांत काजळी सांचली कीं धूर घरांत कोंडतो, तशी पाषाणाची स्थिति होते. तेल कमी, काजळी फार, आणि पाषाण लवकर निकामी, असा नुसत्या झेडएसएम-५ चा अनुभव आहे.

यावर उपाय म्हणून पाषाणांत थोडें धातुद्रव्य मुरवितात. धातूचा क्षार पाण्यांत विरघळवून त्यांत झिओलाइटची भुकटी भिजत घालतात, मग ती वाळवून सुमारें ५०० अंशांवर हवेंत भाजतात. धातूचें प्रमाण वजनानें बहुधा शेंकडा १ ते ५ इतकेंच असतें. जास्त झाल्यास गल्ल्याच बुजतात. कांहीं धातु आम्लाच्या जागेवरील हायड्रोजनला उठवून तेथें स्वतः बसतात. जड पाणी हलकें करण्याच्या यंत्रांत झिओलाइटमधील सोडियम उठतो आणि कॅल्शियम त्याच्या जागीं बसतो, त्यासारखीच ही अदलाबदल आहे.

धातूमुळें दोन गोष्टी घडतात. पहिली ही कीं, कांहीं प्राणवायूला पाण्याची वाट सोडून कार्बन मोनॉक्साइडची वाट धरावी लागते, आणि तितका हायड्रोजन घरांत वांचतो. दुसरी ही कीं, एरवीं वायुरूपानें निसटून जाणारे इथिलीन, प्रोपिलीन यांसारखे लहान रेणु पकडून त्यांचीं कडीं करण्यास धातु मदत करतो. या कामांत गॅलियमचें नांव प्रथम घ्यावें लागतें. हा धातु तळहातावर ठेवला तर वितळतो, कारण त्याचा द्रवणांक ३० अंशांच्या किंचित् खालीं आहे. त्याचा शोध १८७५ मध्यें लागला. परंतु तो असला पाहिजे असें रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यानें १८७१ मध्येंच सांगून ठेवलें होतें. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत ॲल्युमिनियमच्या खालचें घर रिकामें पाहून त्यानें संस्कृतांतील 'एक' हा शब्द घेऊन त्याला 'एका-ॲल्युमिनियम' असें नांव दिलें होतें. ॲल्युमिनियमच्याच कुळांतला हा धातु ॲल्युमिनियम असलेल्या पाषाणाशीं चांगला जमतो, यांत नवल नाहीं. जस्ताचा गुणहि बराचसा असाच आहे. निकेल, कोबाल्ट व लोह हे त्या मानानें स्वस्त धातूहि कामास येतात.

प्रत्यक्ष फळ काय मिळालें? अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांतील गोल्डन येथील राष्ट्रीय ऊर्जा-प्रयोगशाळेंत रिचर्ड फ्रेंच व स्टीफन चेर्निक यांनीं सुमारें चाळीस उत्प्रेरक तपासून २०१० मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकेल, कोबाल्ट, लोह व गॅलियम घातलेले झेडएसएम-५ सर्वांत सरस ठरले, आणि वनस्पतिज द्रव्याच्या वजनाच्या सुमारें शेंकडा १६ इतके हायड्रोकार्बन मिळाले. त्यांत टोल्युईन शेंकडा ३.५ होतें. मॅसेच्युसेट्स विद्यापीठांत जॉर्ज ह्युबर यांच्या शिष्यमंडळानें २०१२ मध्यें दाखविलें कीं, गॅलियम घातल्यानें पाइनच्या भुशापासून मिळणाऱ्या बेंझीन-टोल्युईन वर्गांतील द्रव्यांचें उत्पन्न सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतें. शेंकडा १६ हा आंकडा लहान वाटेल. पण अंकगणितानें घालून दिलेली मर्यादाच २८ च्या आसपास आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे त्याची खरी किंमत कळते.

प्रयोगशाळेंतील चिमूटभर पाषाण व कारखान्यांतील टनावारी पाषाण यांत मात्र मोठें अंतर आहे. काजळी आली तर पाषाण हवेंत तापवून ती जाळून टाकतां येते. खनिज तेलाच्या कारखान्यांत हें काम रात्रंदिवस चालतें. पण प्रत्येक वेळीं जाळल्यानें व वाफेच्या झळीनें घडणींतील ॲल्युमिनियम थोडथोडें सुटत जातें, धातूचे कण एकत्र येऊन जाड होतात, आणि गुण उतरतो. दुसरा शत्रु राख. राखेंतील पोटॅशियम आम्लाच्या जागांवर कायमचें ठाण मांडतें, आणि काजळीप्रमाणें जाळून तें घालवितां येत नाहीं. पाइनच्या लांकडांत राख शेंकडा एकाहूनहि कमी असते, तर भाताच्या पेंढ्यांत व तुसांत ती शेंकडा १५ ते २० पर्यंत जाते. म्हणून पाइनवर सिद्ध झालेली रीत पेंढ्यावर जशीच्या तशी चालेल असें धरून चालणें धोक्याचें आहे. पेंढा आधीं पाण्यानें किंवा सौम्य आम्लानें धुवून घेणें, आणि पाषाण भुशांत न मिसळतां वाफ गाळून घेऊन दुसऱ्या पात्रांत त्याच्यावरून नेणें, हे दोन उपाय त्यासाठीं करतात.

हें अंतर न ओळखल्याचा परिणाम अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानानें पाहिला. २००७ मध्यें स्थापन झालेल्या किऑर या कंपनीनें कोलंबस गांवीं पाइनच्या लांकडापासून उत्प्रेरकाच्या योगानें इंधन करण्याचा कारखाना काढला. संस्थान-सरकारनें तिला साडेसात कोटी डॉलरचें बिनव्याजी कर्ज दिलें. २०१३ मध्यें कारखान्यांतून पहिलें इंधन बाहेर पडलें. २०१४ च्या नोव्हेंबरांत कंपनीनें दिवाळें काढलें. दर टन लांकडामागें जितकें तेल निघेल असें भागीदारांना सांगण्यांत आलें होतें, तितकें निघत नव्हतें. आणि हें अंतर उघड न केल्याबद्दल २०१६ मध्यें अमेरिकेच्या रोखे-नियामक मंडळानें कंपनीवर कारवाई केली. यांत रसायनशास्त्र खोटें ठरलें नाहीं. आशेचा आंकडा मिळालेल्या आंकड्याच्या जागीं लिहिला गेला, इतकेंच.

त्यानंतर या क्षेत्रांतील पावलें जरा जपून पडत आहेत. स्वीडनमध्यें येव्हले शहराजवळ २०२१ मध्यें लांकडाच्या भुशापासून काष्ठतेल करणारा कारखाना सुरू झाला. तेथें तेल सुधारण्याचा सारा खटाटोप एकाच जागीं न करतां तें खनिज तेलाच्या शुद्धीच्या कारखान्याकडे धाडतात, व तेथें तें खनिज तेलांत थोडथोडें मिसळून पुढील क्रियेस लावतात. खनिज तेलाजवळ हायड्रोजन मुबलक असल्यानें लांकडाची उणीव त्यांत खपून जाते.

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेंकडा ८० हून अधिक परदेशांतून येतें. आणि त्याच वेळीं पंजाब-हरियाणांत भाताचा पेंढा व महाराष्ट्रांत उंसाचें पाचट शेतांतच पेटवून दिलें जातें. झिओलाइटची विद्या येथें नवी नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें १९८० नंतरच्या दशकांत 'एन्सिलाइट' या नांवानें याच वर्गांतील उत्प्रेरक तयार करून झायलीनच्या धंद्यांत वापरांत आणला. तेव्हां पाचटापासून तेल काढण्याच्या योजना यापुढें वरचेवर कानांवर येतील, आणि सुशिक्षित गृहस्थाला त्यांच्याविषयीं मत बनवावें लागेल. कदाचित् त्यांत पैसे गुंतविण्याविषयींहि विचारणा होईल. अशा वेळीं तीन प्रश्न पुरेसे आहेत. मूळ पदार्थांतील कार्बनपैकीं शेंकडा किती तेलांत उतरला? हायड्रोजन बाहेरून आणला असल्यास तो कोठून व काय भावानें? आणि पाषाण किती वेळां जाळून पुन्हां वापरला, व तो कोणत्या राखेच्या पदार्थावर? या तिहींचीं उत्तरें प्रत्यक्ष चाललेल्या कारखान्याच्या वहींतून मिळालीं, तर योजना विचारांत घेण्याजोगी समजावी. प्रयोगशाळेच्या वहींतून मिळालीं, तर आणखी कांहीं वर्षें थांबावें.